शहरापुरत्या ब्रँडचा जनसंपर्क: आधी मोजपट्टी, मग बातमी

तीन महिने मोहीम चालते, पन्नासेक ठिकाणी नाव छापून येतं, कात्रणांची जाडजूड फाइल तयार होते. मग बैठकीत मालक एकच प्रश्न विचारतात: "मग लोक आले का?" अशा एका बैठकीत ती फाइल घेऊन मी स्वतः बसले आहे. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तेव्हा शोधूनही सापडलं नसतं, कारण ते मिळवायची सोय मोहिमेआधी करून ठेवायची असते.

ज्या ब्रँडचं गिऱ्हाईक एकाच शहरात आहे, त्याची चूक आणखी एका ठिकाणी होते. बातमी एखाद्या देशव्यापी संकेतस्थळावर लागली की 'पोहोच' लाखांत दिसते. त्यातली तुमच्या शहरातली माणसं किती, हे कुणी विचारत नाही. भागाकारात छेद चुकला की उत्तर चुकणारच. शहरी ब्रँडसाठी छेद ठरलेला आहे: तुमच्या दारापर्यंत खरोखर येऊ शकतील एवढीच माणसं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक थेट पाचव्यावर उडी मारतात, आणि मग सातव्याला अडकतात. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत घेते: सायकली विकणारी आणि दुरुस्त करणारी एक साखळी, एका शहरात सहा दुकानं.

## टप्पा १: उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोण, काय करेल, किती प्रमाणात, केव्हापर्यंत. "ब्रँडची ओळख वाढवणे" यात चारपैकी एकही नाही. आपल्या साखळीसाठी वाक्य असं होईल: "दुकानापासून तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि रोज सायकल वापरणाऱ्यांपैकी, दुरुस्तीसाठी कुठे जाल असं विचारल्यावर आपलं नाव आपणहून घेणाऱ्यांचं प्रमाण सहा महिन्यांत इतक्यावरून इतक्यावर जाईल." दोन्ही 'इतक्या'च्या जागा आत्ता रिकाम्या ठेवा. पहिला आकडा दुसऱ्या टप्प्यात मिळेल, तो मिळाल्यावरच दुसरा ठरवा. आकडा आधी ठरवून मागाहून पाया शोधणं हा शिस्तीचा नुसता देखावा असतो.

याच टप्प्यावर एक नावडतं काम उरकून घ्या. शेवटच्या शंभर तक्रारी आणि ऑनलाइन अभिप्राय स्वतः वाचा. सायकल सांगितलेल्या दिवशी मिळत नाही, हीच तक्रार पुन्हापुन्हा येत असेल तर मोहीम पुढे ढकला. शहरात माणसं एकमेकांना ओळखतात. बातमीने आणलेलं नवं गिऱ्हाईक दुखावलं गेलं, तर तोटाही बातमीच्याच वेगाने पसरतो.

तपासणी: उद्दिष्टाचं वाक्य काउंटरवर बसणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. ते पूर्ण झालं की नाही हे कसं कळेल, हे त्याला सांगता आलं नाही तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: पाया मोजा

मोहिमेआधी किमान आठ आठवड्यांचे आकडे हातात हवेत. एकाच आठवड्यावर विसंबू नका. पाऊस, परीक्षा, सुट्ट्या यातलं काहीही त्याला वर-खाली करतं. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांचे आकडे मिळाले तर तेही शेजारी मांडा.

शहरी ब्रँडसाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आकडे गूगल नकाशावरच्या तुमच्या व्यवसाय-नोंदीत असतात: किती जणांनी तिथून फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, किती जण संकेतस्थळावर गेले. रस्ता विचारणारा माणूस बहुधा यायच्या बेतात असतो, म्हणून हा आकडा लाखोंच्या पोहोचीपेक्षा मोलाचा. प्रत्येक दुकानाचे आकडे वेगळे काढा आणि दर महिन्याला आपल्या तक्त्यात उतरवून घ्या. नंतर मागे जाऊन काढू, असं म्हणू नका.

दुसरा स्रोत गूगल सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधात तुमचं संकेतस्थळ कसं दिसतं ते दाखवणारं साधन. ब्रँडचं नाव टाइप करून किती जणांनी शोधलं आणि त्यातले किती आत आले, हे तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंत दिसतं. चुकीच्या स्पेलिंगसह नावाची सगळी रूपं एकत्र मोजा. मात्र तिथे देशानुसार गाळणी लावता येते, शहरानुसार नाही. शहर पाहायचं असेल तर संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये जा. आणि तिथे पहिल्याच दिवशी एक सेटिंग तपासा: गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये बारकाईने विश्लेषण करायची माहिती मुळात फक्त दोन महिने साठवली जाते. मोफत खात्यात ती मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. हे न केल्यामुळे पायाच पुसला गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

तिसरा स्रोत दुकानातली विचारपूस. "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढंच विचारलं की बहुतेक जण "गूगलवरून" म्हणतात, कारण शेवटची पायरी तीच असते आणि तीच आठवते. म्हणून दोन प्रश्न विचारा: "आमचं नाव पहिल्यांदा कुठे ऐकलंत?" आणि "आज यायचं कशामुळे ठरलं?" दोन्ही वेळा पर्याय वाचून दाखवू नका. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

चौथा स्रोत सर्वेक्षण. इथे आकड्यांचं थोडं भान लागतं. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४०० माणसांना विचारलं तर उत्तरात साधारण ५ टक्के अंक इकडे-तिकडे अशी चूक गृहीत धरावी लागते. १०० माणसांना विचारलं तर १०. आता मोहिमेआधी ४०० आणि मोहिमेनंतर वेगळी ४०० माणसं घेतली, तर दोन्हीकडची चूक एकत्र येते, आणि सुमारे ७ अंकांपेक्षा लहान बदलावर भरवसा ठेवता येत नाही. ३ अंकांची 'वाढ' छातीठोकपणे मांडणारे अहवाल इथेच घसरतात. चारशे माणसं परवडत नसतील तर सर्वेक्षण सोडून द्या आणि पहिले तीन स्रोत नीट सांभाळा. आपल्याच पेजच्या फॉलोअर्सना विचारणं म्हणजे सर्वेक्षण नव्हे; ते तुम्हाला आधीच ओळखतात.

सावधान: गूगल ट्रेंड्स हे साधन शोधांचा कल दाखवतं, पण त्यात शोधांची संख्या नसते. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. लहान ब्रँडचं नाव तिथे अनेकदा शून्यच दिसतं. ते शून्य पाहून खचू नका, आणि शून्यावरून १०० वर गेलेली रेघ अहवालात लावू नका.

## टप्पा ३: तुलनेसाठी जागा राखून ठेवा

मोहिमेच्या काळात विक्री वाढली, म्हणजे ती मोहिमेमुळेच वाढली असं होत नाही. हे ओळखायचा साधा उपाय एक शहर, अनेक दुकानं असलेल्या ब्रँडकडे आयताच असतो: दोन-तीन दुकानांच्या परिसरात आधी काम करा, उरलेल्या परिसरात दोन महिन्यांनी.

समजा, मोहीम असलेल्या परिसरात महिन्याची दुरुस्तीची कामं २०० वरून २६० झाली. वाढ ३० टक्के. मोहीम नसलेल्या, साधारण तशाच परिसरात ती १८० वरून २०७ झाली, म्हणजे १५ टक्के. मोहीम नसती तरी पहिल्या परिसरात २०० ची २३० कामं झाली असती, असं धरायला जागा आहे. मोहिमेच्या खात्यावर ६० नव्हे, ३० कामं टाका. आकडा निम्मा झाला, पण तो टिकणारा आहे. आणि मालकांनी उलटतपासणी केली तरी तुम्ही त्यापासून मागे हटणार नाही.

शहरभर जाणाऱ्या वर्तमानपत्राची किंवा रेडिओची बातमी अशी परिसरांत वाटता येत नाही, हे खरं. तिच्यासाठी काळाची तुलना वापरा: बातमीआधीचे दोन आठवडे, नंतरचे दोन, आणि गेल्या वर्षीचे तेच चार. पण कार्यशाळा, रहिवाशांच्या गटांशी भेटी, शाळांमधले उपक्रम ही कामं परिसरानुसार वाटता येतातच.

तपासणी: याच काळात किंमत, सवलत, जाहिरात किंवा दुकानाची वेळ बदलणार आहे का? बदलणार असेल तर तारीख तक्त्यात नोंदवा. शक्य असेल तर बदल पुढे ढकला.

## टप्पा ४: बातमी शोधा, आणि ती शहराबद्दलची असू द्या

शहराच्या पानावर काम करणाऱ्या बातमीदाराला तुमच्या वर्धापनदिनाशी देणंघेणं नसतं. तिला वाचकांना शहराबद्दल काहीतरी नवं सांगायचं असतं. आणि शहरी ब्रँडकडे ते सांगायला भरपूर असतं, फक्त त्याकडे कुणी तसं पाहिलेलं नसतं.

सायकलच्या साखळीकडे काय आहे? कुठल्या रस्त्यांवरून येणाऱ्या सायकलींची चाकं जास्त वाकतात. कुठल्या महिन्यात ब्रेक जास्त खराब होतात. मुलांच्या सायकलींवर दिवे नसण्याचं प्रमाण किती. दुरुस्तीच्या पावत्यांमध्ये हे सगळं पडून आहे. सहा दुकानांच्या वर्षभराच्या पावत्या एकत्र केल्या की त्यातून शहराचा एक नकाशा निघतो, जो दुसऱ्या कुणाकडेच नाही. मी सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला देते. एक खरी, तपासता येणारी, शहराच्या कामाची माहिती वर्षभरात दोनदा बाहेर आली तरी बातमीदार पुढच्या वेळी आपणहून फोन करतात: "सायकलींबद्दल लिहितेय, तुमच्याकडे काही आकडे आहेत का?" जनसंपर्काचं काम रुळावर आल्याची माझ्यासाठी ती सर्वांत पक्की खूण आहे, आणि ती कुठल्याही कात्रणात दिसत नाही.

दोन पथ्यं पाळा. गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. फक्त एकत्रित आकडे द्या, आणि एखाद्या गल्लीतून दोनच सायकली आल्या असतील तर ती गल्ली वगळा. दुसरं, आकडे फक्त तुमच्या दुकानांत आलेल्या सायकलींचे आहेत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. ते न लिहिता "शहरातल्या सायकली" असं म्हटलंत, तर पहिला जाणकार वाचक तुम्हाला पकडेल, आणि अडचणीत ती बातमीदारही येईल.

## टप्पा ५: माणसांची यादी करा

तीनशे पत्त्यांची विकत घेतलेली यादी टाकून द्या. एका शहरासाठी वीस-पंचवीस नावं पुरतात: शहर वाहतूक, आरोग्य, शिक्षण, व्यापार अशा आपल्या विषयाशी जोडलेल्या बीटचे (नेमून दिलेल्या विषयाचे) बातमीदार, पुरवणीचे संपादक, रेडिओचे निर्माते, शहरावरच लिहिणारे दोन-चार स्वतंत्र लेखक. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: त्यांनी गेल्या तीन महिन्यांत काय लिहिलं, पान लागायची वेळ काय, आणि फोन चालतो की ईमेल.

शहरात दुसरीही एक यादी लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते. ज्यांच्या शब्दावर परिसर विश्वास ठेवतो अशी माणसं: शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, डॉक्टर, सायकल गटांचे चालक, रहिवासी संघटनांचे पदाधिकारी. यांना प्रसिद्धीपत्रक पाठवू नका. त्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट द्या आणि मागे हटा. त्यांच्या खासगी गटांत काय बोललं जातं ते मोजता येत नाही, म्हणूनच "पहिल्यांदा नाव कुठे ऐकलंत?" हा प्रश्न दुकानात रोज विचारायचा.

पाठवण्याआधीची अट: अडचणीच्या प्रश्नांची उत्तरं देणारी एक व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी, अशी दोन नावं लेखी ठरलेली हवीत. बातमी लागल्यावर एखादी जुनी तक्रार उकरून निघू शकते. तेव्हा "साहेब बाहेरगावी आहेत" हे उत्तरच छापलं जातं. जे माहीत आहे ते सांगा, जे तपासत आहात ते तसं सांगा, आणि पुढचा फोन कधी कराल ती वेळ द्या. दिलेली वेळ पाळा.

## टप्पा ६: पत्रक लिहा आणि पाठवा

इथे फार रेंगाळायचं कारण नाही; बहुतेकांना पत्रक लिहिता येतं. चुका ठरलेल्या आहेत, तेवढ्या टाळा.

१. पहिल्या वाक्यात बातमी हवी. संस्थापकांचं मनोगत खाली.

२. मजकूर ईमेलच्या अंगातच टाका. जड फाइल जोडू नका. फोटोंची लिंक द्या आणि त्याखाली फोटोत काय आहे ते लिहा. फोटोत माणसं असतील तर त्यांची परवानगी आधीच घेतलेली असू द्या.

३. सगळ्यांना एकाच ईमेलमध्ये, सगळ्यांचे पत्ते दिसतील असं पाठवू नका. वीस नावंच आहेत. वीस वेगळी पत्रं लिहा आणि प्रत्येकात दोन ओळी त्या व्यक्तीसाठी असू द्या.

४. ठराविक वेळेआधी बातमी छापू नये असं हवं असेल, तर आधी विचारा, होकार मिळाल्यावरच मजकूर पाठवा. मजकुरावर परस्पर शिक्का मारून पाठवलात तर समोरच्यावर बंधन येत नाही.

५. दुसऱ्या दिवशी एकदाच आठवण करा. त्यानंतर पुन्हा फोन नको.

लिंक देताना तिच्यामागे यूटीएम खुणा (स्रोताचं नाव सांगणारे छोटे शब्द) जोडा, म्हणजे कुठल्या पत्रातून, कुठल्या गटातून माणूस आला ते अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसेल. नावं एकाच पद्धतीने लिहा: रोमनमधली मोठी आणि लहान अक्षरं तिथे वेगवेगळी धरली जातात, त्यामुळे एकाच स्रोताचे दोन तुकडे पडतात. वर्तमानपत्रं या खुणा बहुधा काढून टाकतात. म्हणून बातमीसाठी वाचून लक्षात राहील असा छोटा पत्ता द्या, जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही.

सावधान: पैसे देऊन छापून आणलेला मजकूर बातमीच्या खात्यात मोजू नका. त्याला वेगळा रकाना करा. सोशल मीडियावर कुणाला पैसे किंवा वस्तू दिली असेल तर तसा उल्लेख त्या पोस्टमध्ये दिसायलाच हवा. तो लपवला आणि उघड झाला, तर शहरात विश्वास परत मिळवायला वर्षं जातात.

## टप्पा ७: तीन थरांत मोजा

पहिला थर, काय बाहेर गेलं: किती बातम्या, कुठे, कुठल्या पानावर. यात शहरात वाचलं, पाहिलं किंवा ऐकलं जाणारंच मोजा. बाकीचं 'इतर' या रकान्यात टाका. प्रत्येक बातमीला तीन खुणा करा: आपला मुख्य मुद्दा आला का, आपल्या माणसाचं म्हणणं आलं का, सूर कसा आहे. सूर ठरवायचं काम यंत्रावर सोडू नका. मिश्र भाषा आणि तिरकस बोलणं अशा साधनांना अनेकदा कळत नाही. त्याच वीस बातम्या दोन माणसांना वेगवेगळ्या वाचायला द्या. दोघांच्या खुणा पाचपेक्षा जास्त ठिकाणी वेगळ्या निघाल्या तर नियम पुरेसे स्पष्ट नाहीत. ते सुधारून पुन्हा वाचा.

दुसरा थर, लोकांपर्यंत काय पोहोचलं: नावाने होणारे शोध, त्या छोट्या पत्त्यावरच्या भेटी, पानावर घालवलेला वेळ, नाव आपणहून आठवणारे किती.

तिसरा थर, लोकांनी काय केलं: रस्ता विचारणं, फोन, दुरुस्तीची कामं, परत आलेली गिऱ्हाइकं. उद्दिष्टाचं वाक्य आठवणीबद्दल असलं तरी हा थर सोडू नका. आठवण वाढली आणि पावलं वाढली नाहीत, तर अडचण जनसंपर्कापलीकडे आहे: अंतर, किंमत, वेळ यांपैकी काहीतरी. मालकांसाठी तेही मोलाचं उत्तर आहे.

एक आकडा मात्र कायमचा सोडा: बातमीने जितकी जागा घेतली तितकी जागा जाहिरातीसाठी विकत घेतली असती तर किती पैसे लागले असते, तो. जनसंपर्काच्या मोजमापाबद्दलच्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये २०१० साली हे स्पष्ट म्हटलं गेलं की अशी जाहिरात-किंमत म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. २०१५ आणि २०२० मध्ये ती तत्त्वं सुधारली, हा मुद्दा तसाच राहिला. तरी हा आकडा अहवालांत येतच राहतो, कारण तो नेहमी मोठा दिसतो. तुमच्यावर टीका करणारी अर्धा पान बातमीही या हिशेबात 'कमाई' ठरते, एवढं एकच कारण तो नाकारायला पुरेसं आहे.

## टप्पा ८: अहवाल दोन पानांत, आणि शेवटी निर्णय

वर उद्दिष्टाचं वाक्य, जसं लिहिलं होतं तसंच. मध्ये बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही, तारखेसह. त्याखाली तिन्ही थरांचे आकडे: पाया, आत्ता, आणि तुलनेच्या परिसरात आत्ता. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते. मग जे जमलं नाही ते, कारणासह. कात्रणं शेवटी, परिशिष्टात.

दुसऱ्या पानावर निर्णयाचा तक्ता: काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, काय बदलून पाहायचं. प्रत्येक ओळीपुढे तो निर्णय ज्या आकड्यावर उभा आहे तो लिहा. ज्या ओळीपुढे आकडा लिहिता येत नाही, ती खोडा. ज्या आकड्यावरून एकही निर्णय निघाला नाही, तो पुढच्या वेळी गोळा करू नका; काउंटरवरच्या माणसाचा तेवढा वेळ वाचेल.

राखून ठेवलेल्या परिसरांत मोहीम न्यायची की नाही, हे याच बैठकीत ठरवा. न्यायचं ठरलं तर त्या परिसरांची मोजणी आठ आठवडे आधीपासून चालूच आहे. तक्त्यात फक्त सुरुवातीची तारीख भरा.